तूस, कोंडा आणि तांदूळ

मनुष्य ज्या धान्यांवर उपजीविका करितो तीं निसर्गानें मुळांत मनुष्याकरितां नव्हे, तर पुढच्या पिढींतील रोपाकरितां सिद्ध केलेलीं असतात, ही गोष्ट आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. बीं म्हणजे एक निजलेलें रोप आणि त्याच्या उशाशीं ठेवलेली शिदोरी. ही शिदोरी पावसानें कुजूं नये, किडीनें खाऊं नये, उन्हानें करपूं नये, म्हणून तिच्यावर एक, दोन, प्रसंगीं तीन आवरणें चढविलेलीं असतात. आपणांस शिदोरी हवी असते, आवरण नको असतें. तेव्हां शेतकऱ्याच्या खळ्यापासून घरांतील सुपापर्यंत जो म्हणून खटाटोप चालतो, त्याचें सार एवढेंच कीं, बीजाच्या अंगावरील चिलखत दाणा न दुखवितां कसें उतरवावें. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु हें चिलखत किती काढावें आणि कोठें हात आवरावा, ह्या एका प्रश्नानें लक्षावधि माणसांच्या जीविताशीं गांठ घातली आहे. म्हणून तो विद्यार्थ्यांपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें.

उल्हास नदीच्या खोऱ्यांतील आमचा हा प्रदेश मूळचा भाताचा. बदलापुरावरून उल्हास वाहते; अंबरनाथच्या शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिवालयाच्या कडेनें वालधुनी वाहते, आणि ह्या नद्यांच्या आसपासचीं खाचरें पावसाळ्यांत भाताच्या आवणानें हिरवीं होत असत. उल्हासनगराचें तर नांवच नदीवरून पडलें. दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तिला हें नांव मिळालें. आतां ह्या तिन्ही गांवांत पुष्कळ ठिकाणीं खाचरांच्या जागीं कारखाने व उंच इमारती उभ्या आहेत, आणि भाताचीं शेतें वस्तीच्या कडेला, डोंगरांच्या पायथ्याकडे सरकलीं आहेत. त्यामुळें येथील मुलांस तांदूळ ठाऊक असतो तो पिशवींतला; भाताची लोंबी हातांत धरलेलीं मुलें थोडीं.

आम्ही वर्गांत नेहमी एक प्रश्न विचारतों: "वाण्याकडून आणलेला पांढरा तांदूळ खाचरांत पेरला, तर उगवेल काय?" निम्मीं मुलें "होय" म्हणतात, निम्मीं घोटाळ्यांत पडतात. उत्तर असें कीं, तो उगवणार नाहीं. कारण तें आतां बीं राहिलेलें नाहीं. त्याचें रोप गिरणींतच गळून पडलें आहे. हें कसें घडतें तें कळण्यासाठीं भाताचा एकच दाणा घेऊन तो थर थर करून पाहूं.

सर्वांच्या बाहेर तूस. नांगराच्या फाळासारखीं निमुळतीं अशीं दोन टरफलें कडेशीं एकमेकांत घट्ट अडकून तें झालेलें असतें. वस्तुतः तूस हा बियाचा भागच नव्हे. तो फुलाचा भाग आहे. भात फुलावर आलें म्हणजे सकाळ उलटतांना हींच दोन टरफलें थोडा वेळ उघडतात, पराग बाहेर पडतो, आणि मग तीं जीं मिटतात तीं कायमचीं. त्यांच्या बंद पेटींत दाणा वाढतो व पेटी भरेल तेवढाच मोठा होतो. ज्या फुलांत दाणा धरत नाहीं तेथें पेटी रिकामीच राहते. अशा पोकळ दाण्यांस आमचे शेतकरी पळिंज म्हणतात. भाताचें मूळ जमिनींतून पुष्कळ सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, शोषून घेतें आणि तें तुसांत सांठवितें. ह्यामुळेंच तूस इतकें खरखरीत लागतें व जनावरेंहि त्यास तोंड लावीत नाहींत.

तूस काढल्यावर आंत तपकिरी अथवा तांबूस दाणा दिसतो. हा रंग कोंड्याचा. फळाची साल, बियाची साल आणि त्यांच्या खालचा तेल व प्रथिनें यांनीं भरलेला एक थर, असे हे पातळ पापुद्रे एकमेकांस चिकटलेले असतात. दाण्याच्या एका टोंकाशीं, बाजूला, अंकुर बसलेला असतो; तेंच निजलेलें रोप. उरला तो पांढरा पिठूळ गर, म्हणजे शिदोरी. सुमारें १०० किलो भात घेतलें तर त्यांत २० किलोच्या आसपास तूस, ८ ते १० किलो कोंडा व अंकुर, आणि ७० किलोच्या आसपास पांढरा तांदूळ, असा हिशेब साधारणतः बसतो.

आतां हीं आवरणें काढण्याची रीत पाहूं. आश्विन-कार्तिकांत भात कापून, भारे बांधून, त्यांची उडवी रचतात. पुढें सारवलेल्या खळ्यावर भारे फळीवर किंवा दगडावर झोडतात, अथवा मध्यें तिवडा रोवून त्याभोंवतीं बैल फिरवून मळणी करितात. मग उफणणी. तिवईवर उभें राहून सूप डोक्याइतकें उंच धरावयाचें आणि धान्य वाऱ्यांत हळूहळू सोडावयाचें. भरलेला दाणा जड, म्हणून पायाशीं पडतो. पेंढ्याचे तुकडे व पळिंज हलकें, म्हणून वारा तें पुढें नेतो. वस्तूचें वजन आणि तिला मिळणारा वाऱ्याचा विरोध ह्यांचें हें प्रमाण शेतकऱ्यानें पुस्तकांत वाचलेलें नसतें. पण त्याचा हात तें चुकत नाहीं.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस खळें, सूप व भूस यांचे दृष्टांत परिचित आहेतच. परंतु तेथील धान्य म्हणजे मुख्यतः गहूं, आणि गव्हाची व भाताची जात ह्या बाबतींत वेगळी. गहूं मळला कीं त्याचें भूस आपोआप सुटें होतें. एकदां उफणलें कीं दाणा जात्यांत घालण्यास मोकळा. भाताचें तसें नाहीं. मळणी, उफणणी होऊनहि तूस दाण्याला धरूनच राहतें. म्हणून भात खाणाऱ्या देशांस खळ्यानंतर आणखी एक विद्या शिकावी लागली. तिचें नांव कांडण.

पूर्वी कोंकणांत हें काम दोन पायऱ्यांनीं होई. प्रथम भात घिरटांत भरडीत. घिरट हें जात्यासारखेंच. पण पीठ करणें हा त्याचा उद्देश नव्हे. दाणा चिरडूं नये, केवळ दोन्ही अंगांनीं घासला जाऊन तुसाची मिठी सुटावी, एवढाच त्याचा दाब असे. नंतर तो भरडलेला माल उखळांत किंवा जमिनींत बसविलेल्या व्हाइनांत घालून मुसळानें सडीत. मुसळाच्या टोंकाला लोखंडी कडें असे. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मुसळाचा घाव थेट दाण्यावर बसून तूस निघत नाहीं. घावानें दाणे एकमेकांवर घांसतात, आणि दाणाच दाण्याला सोलतो. म्हणूनच उखळ भरपूर भरलेलें असावें लागतें. थोडेच दाणे घालून कांडलें तर तांदूळ कमी आणि कणी फार. तसेंच भात फार ओलें असलें तर तूस सुटत नाहीं व दाणा चेंगरतो. फार कडक वाळलें तर त्याला सूक्ष्म चिरा पडून तो फुटतो. साधारणतः १४ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतांना भरड चांगली होते. हा आंकडा अलीकडच्या यंत्रांनीं काढला. आमच्या आज्या दोन दाणे दांतांखालीं धरून तोच निर्णय देत.

शेवटीं सूप. पाखडतांना तूस पुढें उडून जातें, तांदूळ मागें राहतो, आणि बारीक कणी व कोंडा यांची निराळी वांटणी होते. कणीची पेज, कोंडा गाईम्हशींस, तूस चुलीस. कांहींच वायां जात नसे. ह्या कामाची छाप आपल्या भाषेवर किती खोल बसली आहे तें पाहावें. कष्टाची तयारी दाखविणारा मनुष्य उखळांत डोकें घालतो; सारा बेत फिसकटला कीं मुसळ केरांत जातें; निरर्थक चर्चेला आपण फोल पाखडणें म्हणतों; आणि जात्यांतले रडतात तेव्हां सुपांतले हसतात. मात्र ह्या म्हणी वाचून त्या कामाचें गोडवे गाण्याचा मोह आम्हांस होत नाहीं. पहाटे उठून घरच्या दहा माणसांचें भात कांडणें हें स्त्रियांच्या पाठीवर, दंडावर आणि झोंपेवर पडलेलें ओझें होतें. त्या ओझ्याखालीं ओव्या गाइल्या गेल्या, म्हणून ओझें हलकें होतें असें ठरत नाहीं.

कवच काढण्यास केवळ बळच लागतें असें नाहीं. पाणी आणि उष्णता ह्यांचाहि उपयोग होतो. दक्षिण कोंकणांत व गोमंतकांत उकडा तांदूळ आवडीनें खातात. भात तुसासकट भिजवून, वाफवून, वाळवितात आणि मग भरडतात. वाफेनें दाण्यांतील पिठूळ द्रव्य शिजून घट्ट होतें, चिरा सांधल्या जातात, आणि दाणा कमी फुटतो. शिवाय कोंड्यांतील कांहीं जीवनसत्त्वें पाण्याबरोबर आंतल्या गरांत उतरतात. ह्या गुणाचें महत्त्व पुढें दिसून येईल. पोह्यांसाठीं भिजविलेलें भात भाजून गरमागरम असतांनाच कुटून चपटें करितात. पेणचे पोहे प्रसिद्धच आहेत. लाह्यांची तऱ्हा तर फारच मौजेची. तापलेल्या वाळूंत भात टाकलें कीं आंतल्या ओलाव्याची वाफ होते; तूस कांहीं क्षण झांकणासारखें ती कोंडून धरितें; आणि जोर अनावर झाला म्हणजे दाणा फुलून तूस स्वतःच फेंकून देतो.

कडधान्यांची गोष्ट वेगळी. भात निघाल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर आमच्या भागांत वाल पेरतात. ह्या वालाची साल चिवट. गृहिणी वाल रात्रभर भिजवून, फडक्यांत बांधून मोड आणवितात, आणि मग कोमट पाण्यांत घालून एकेक दाणा बोटांनीं सोलतात. त्याचें बिरडें कोणत्या मुलास आवडत नाहीं? परंतु जेवतांना हेंहि आठवावें कीं, येथें मनुष्य कवच फोडीत नाहीं, तर बीजाकडूनच फोडवून घेतो. पाणी लागतांच दाणा फुगतो, अंकुर जागा होतो, आणि जी साल आजवर रक्षक होती ती अडचण होऊन तडकते.

तूर आणि उडीद यांत साल व डाळ यांच्यामध्यें डिंकासारखा चिकट थर असतो. उडदांत तो विशेष. म्हणून तुरीला तेलाचा किंवा पाण्याचा हात लावून, ढीग करून मुरवितात, उन्हांत वाळवितात, आणि मग भरडतात. कांहीं ठिकाणीं तांबड्या मातीच्या पाण्यांत भिजवून वाळविण्याचीहि रीत आहे. ओलें व कोरडें होतां होतां डिंकाची पकड ढिली पडते. अकोला, लातूर येथील डाळगिरण्यांतहि तत्त्व हेंच. फक्त जात्याऐवजीं खरखरीत रूळ असतात. साल व चुरा यांची चुनी होऊन ती गुरांपुढें जाते. उल्हासनगरांतील सिंधी कुटुंबांनीं ज्या पापडांसाठीं नांव मिळविलें, ते पापडहि साल काढलेल्या उडदाच्या पिठाचेच. निर्वासित होऊन आलेल्या स्त्रियांच्या पोळपाट-लाटण्यानें कित्येक संसार उभे राहिले, ही गोष्ट ह्या भागांतील मुलांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावी.

आतां यंत्राकडे वळूं. १९ व्या शतकाच्या अखेरीस ब्राझील देशांतील एंगेलबर्ग नांवाच्या गृहस्थानें धान्य सोलण्याचें एक यंत्र काढलें. लोखंडी जाळीच्या नळींत धारा असलेला लोखंडी रूळ वेगानें फिरतो आणि एकाच फेरींत तूस व कोंडा दोन्ही खरवडून काढतो. हें 'हलर' यंत्र स्वस्त व सुटसुटीत, म्हणून खेडोपाडीं पसरलें. भाताच्या गिरणींत जो एकसुरी आवाज होई तो त्याचाच. त्यानें स्त्रियांचें कांडण सोडविलें, हा त्याचा उपकार मोठा आहे. पण त्यांत दाणा फार फुटतो, आणि तूस व कोंडा एकत्र मिसळून कोंड्याची किंमत जाते. पुढें रबरी रुळांचीं यंत्रें आलीं. दोन रूळ एकमेकांच्या उलट दिशेनें, परंतु भिन्न वेगानें फिरतात. त्यामुळें दोन तळहातांत दाणा चोळावा तसें तूस ओढून निघतें व दाणा शाबूत राहतो. मग पंखा तूस उडवून देतो आणि दुसरें यंत्र कोंडा निराळा उतरवितें. एकाच फेरीचें काम पुन्हां दोन पायऱ्यांचें झालें; घिरट आणि उखळ यांचाच हा नवा अवतार म्हणावयाचा.

यंत्रानें तांदूळ मोत्यासारखा शुभ्र होऊं लागला, आणि पांढरा तांदूळ हें प्रतिष्ठेचें लक्षण ठरलें. ह्या प्रतिष्ठेची किंमत कोणी दिली? पूर्वेकडील भात खाणाऱ्या देशांत बेरीबेरी नांवाचा रोग बळावला. त्यांत पायांतील शक्ति जाते, अंगाला सूज येते, आणि शेवटीं हृदय थकून मृत्यु येतो. जावा बेटांत बटाव्हिया येथें, म्हणजे आजच्या जकार्ता शहरीं, क्रिस्तियान आयकमान हा डच डॉक्टर ह्या रोगाच्या जंतूचा शोध करीत होता. त्याच्या प्रयोगाच्या कोंबड्यांसच तसलाच पांगळेपणा आला आणि कांहीं महिन्यांनीं तो आपोआप गेला. शोध करितां दिसून आलें कीं, मध्यंतरीं त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतील पांढरा भात घातला जात असे. नवा आचारी आला, त्यानें तो देण्याचें नाकारलें, आणि कोंबड्या बऱ्या झाल्या! मग त्याच्या सांगण्यावरून जावांतील शंभरांवर तुरुंगांची पाहणी करण्यांत आली. जेथें कैद्यांस पांढरा तांदूळ मिळे तेथें रोगाचा जोर, आणि जेथें कोंड्यासकट तांदूळ मिळे तेथें तो क्वचित्. १८९७ सालीं आयकमाननें आपलें काम प्रसिद्ध केलें. पांढऱ्या भातांत कांहीं विष असावें व कोंडा त्यावर उतारा असावा, अशी त्याची आरंभीं कल्पना होती. त्याचा सहकारी ग्रेन्स यानें १९०१ सालीं खरें वर्म सांगितलें: रोग कशाच्या असण्यानें नव्हे, नसण्यानें होतो. १९२६ सालीं यान्सेन व डोनाथ यांनीं कोंड्यांतून तें द्रव्य शुद्ध रूपांत वेगळें केलें. तेंच बी-१ जीवनसत्त्व. १९२९ सालीं आयकमानला नोबेल पारितोषिक मिळालें.

म्हणजे मनुष्यानें तूस काढलें तेथवर ठीक झालें. तो कोंड्याशीं थांबला नाहीं, हें चुकलें. हिंदुस्थानांत महात्मा गांधींच्या प्रेरणेनें १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्यानें हातसडीच्या तांदळाचा मोठा पुरस्कार केला. हातसडीच्या उद्योगास संरक्षण मिळावें ह्या हेतूनें १९५८ सालीं तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदाहि झाला. तो १९९७ सालीं रद्द करण्यांत आला. पुढें २०२१ सालीं सरकारनें रेशनवरील व शाळांच्या आहारांतील तांदळांत लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ जीवनसत्त्व असलेले कृत्रिम दाणे मिसळण्याचें धोरण जाहीर केलें. शंभर दाण्यांत एक असें त्याचें प्रमाण. रक्तक्षयाशीं झगडण्याचा हा हेतु चांगलाच. तरी विचार करणाऱ्यास हें नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं कीं, एका यंत्रानें दाण्याचें सत्त्व खरवडून काढावें आणि दुसऱ्या यंत्रानें कांहीं सत्त्वें नव्यानें आंत घालावीं.

काढलेल्या आवरणांचें पुढें काय होतें? कोंड्यांत १५ ते २० टक्के तेल असतें; पण दळल्याबरोबर तें खवट होऊं लागतें, म्हणून तेल काढावयाचें तर कोंडा लगोलग तापवून घ्यावा लागतो. असडी तांदूळ फार दिवस टिकत नाहीं त्याचें कारणहि हेंच. तूस वीटभट्ट्यांस व गिरण्यांच्या भट्ट्यांस जळण म्हणून जातें. १०० किलो तूस जाळलें तर सुमारें २० किलो राख उरते, आणि तींत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका. ही बारीक राख सिमेंटांत मिसळतां येते. खाचराच्या मातींतून भातानें जी वाळू उचलली ती अशा रीतीनें घराच्या भिंतींत येऊन बसते.

विद्यार्थिमित्रांनो, एवढें वाचून झाल्यावर तीन सोपे प्रयोग करून पाहावे. बदलापूर किंवा अंबरनाथच्या आसपासच्या एखाद्या शेतकऱ्याकडून मूठभर भात मागून आणा आणि नखानें वीस दाणे सोला. तूस निराळें, तांदूळ निराळा ठेवून तोलून पाहा. दुसरें, १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत भात टाका. पळिंज वर तरंगेल, भरलेलें बियाणें तळाशीं बसेल. पेरणीपूर्वीं बीं निवडण्याची हीच रीत शेतकऱ्यांस शिकविली जाते. मात्र तळचें बीं पुढें स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत वाळवावें लागतें. तिसरें, ओल्या फडक्यावर एका ओळींत भात, दुसऱ्या ओळींत हलक्या हातानें सोललेले अंकुरासह दाणे, आणि तिसऱ्या ओळींत दुकानांतील पांढरा तांदूळ ठेवा. आठ दिवसांत कोण जागें होतें आणि कोण होत नाहीं, तें स्वतःच्या डोळ्यांनीं दिसेल.

घरीं सांगण्यासारख्या दोन गोष्टीहि आहेत. तांदूळ निवडून घेतला असेल तर तो चार-चार पाण्यांनीं चोळून धुवूं नये. बी-१ पाण्यांत विरघळणारें असल्यामुळें उरलेंसुरलें सत्त्वहि मोरींत जातें. आणि बाजारांत दोन तऱ्हेचे तांदूळ समोर असतील, तर केवळ शुभ्रतेवर भुलूं नये. किंचित् तांबूस, हातसडीचा किंवा उकडा तांदूळ शिजावयास थोडा वेळ घेतो, चावावयासहि थोडा वेळ लागतो. पण ताटांत येतो तो दाणा पोकळ नसतो. मुसळाचे कष्ट आतां कोणाच्या घरीं परत यावे असें आम्ही म्हणणार नाहीं. यंत्र असावें, मात्र तें कोंड्यापाशीं थांबावें, एवढें मागण्याइतकें ज्ञान प्रत्येक घरांत असावें.